पडद्यांचा तपशील

"नुसतं कार्ड घासायचे एवढे पैसे?" मालकीणबाईंनी कात्री खाली ठेवली. "मग मी पडदे शिवते कशाला? मीपण कार्डंच घासत बसते की."

कार्ड मशीनच्या कंपनीतून आलेली मुलगी हसली नाही. असली दुकानं तिला रोज भेटत असावीत.

"सगळ्या कार्डांवर नाही, आजी. कंपन्यांच्या कार्डांवर जास्त कापतात. तुम्ही बँकेला नुसता आकडा पाठवता. काय विकलं, किती नग, कर किती, माल कुठं पोचवला, काहीच नाही. त्यांना वाटतं, कोण जाणे कसला व्यवहार आहे. पूर्ण तपशील पाठवलात तर कापणं कमी होईल."

"बोलणाऱ्याची माती खपते, न बोलणाऱ्याचं सोनंही पडून राहतं. तसंच ना?"

"तसंच. शिवाय तोच तपशील गिऱ्हाइकाच्या कंपनीतही ओळीनं उमटतो. मोठ्या कंपन्यांना ते हवंच असतं."

"उमटू दे. कळू दे माल कुणाच्या हातचा आहे ते."

थोरली सून कॉम्प्युटरपाशी बसून सगळं लिहून घेत होती. दुकानात शिवणाऱ्या दोघी होत्या, आणि त्यातल्या एकीला या महिन्याअखेर घरी बसवावं लागणार होतं. एक मशीन बंद पडलं की दुसऱ्याला वेळ लागत नाही, हे मालकीणबाईंनी शेजारच्या दोन दुकानांत बघितलं होतं. बँक महिन्याला कापून घेई ते वाचलं, तर त्या शिवणारीचा पगार निघत होता. दुकान तगत होतं.

यातलं निम्म्याहून जास्त कापलं जाई एकाच गिऱ्हाइकापायी. ती मोठी कंपनी होती. गेली सहा वर्षं दर महिन्याला पडदे मागवायची, सात फुटी, राखाडी, जाड कापडाचे. पैसे कार्डानं, ऑर्डरबरोबरच. मापाची कटकट नाही, भावाची घासाघीस नाही, एक पडदा कधी परत आला नाही. टेंपोवाला गेटवर गठ्ठे उतरवून यायचा.

"याला म्हणतात पारख," मालकीणबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवत. "नाहीतर आमचा धाकटा. 'आई, दुकान विकून टाक, वर्षभरही टिकायचं नाही' म्हणाला. म्हटलं, तूच टिकून दाखव बाहेर. बॅग उचलली नि गेला. आईला विचारायला एक फोन नाही. आणि दुकान बघा, उभं आहे!"

सुनेनं त्या कंपनीच्या खरेदी विभागाला मेसेज टाकला. तुमच्या बिलांचा पूर्ण तपशील आता बँकेला पाठवणार आहोत, ऑर्डरचा नंबर तेवढा कळवा. उत्तर पाच मिनिटांत आलं. एरवी दोन-दोन दिवस लागत.

"आई, ते नको म्हणतायत. आमच्या बिलांचा तपशील भरू नका, जादा कापलं जाईल ते आम्ही देऊ, असं लिहिलंय."

"का म्हणून? मी काय झोळी घेऊन उभी आहे त्यांच्या दारात?"

"मोठं गिऱ्हाईक आहे. त्यांचं त्यांनी म्हटलंय तर…"

"सहा वर्षांत बिलापलीकडे एक पैसा घेतला नाही मी त्यांचा. तुझ्या माहेरी चालत असेल फुकटचं, इथं नाही."

सून कॉम्प्युटरकडे वळली. फोन पुन्हा वाजला.

"परत लिहिलंय. एकच शब्द. 'कृपया'."

"बघ, थोरामोठ्यांचं वळण! अशा माणसाला तर मुळीच खड्ड्यात घालायचं नाही. भर तू. एकूण एक ओळ भर."

सुनेनं भरली. पडदा, राखाडी, सात फूट, चाळीस नग. दर, कर, पोचवल्याचा पत्ता. मालकीणबाई मागं उभ्या राहून एकेक ओळ वाचून घेत होत्या. महिना सरला तेव्हा बँकेनं खरंच कमी कापलं. शिवणाऱ्या दोघीही राहिल्या. त्या दिवशी मालकीणबाईंनी सगळ्यांना आपल्या पैशानं चहा पाजला, आणि त्याची आठवण दोनदा करून दिली.

पुढच्या महिन्यात त्या कंपनीची ऑर्डर आली नाही. दोन माणसं आली.

"बिलं तुमचीच ना ही?" वयस्कर होता त्यानं कागद पुढं केले.

"माझीच. का, टाका उसवला कुठं?"

"माल उत्तम आहे, बाई. एकही गठ्ठा फुटलेला नाही. मागच्या खोलीत छतापर्यंत रचून ठेवलेत." त्यानं कागद घडी करून खिशात ठेवले. "आमचं शीतगृह आहे. भाज्या, मासे साठवतो. चार मजल्यांत एक खिडकी नाही."

दोन्ही शिलाई मशीनं थांबली.

"आजवर नुसता आकडा यायचा, देखभाल खर्चात खपून जायचा. या वेळी ओळीनं पडदे दिसले," दुसरा म्हणाला. "खरेदीच्या कारकुनाला काढून टाकलंय. पोलिसांत द्यायचा का ते आज ठरेल. दुकान त्याला सामील होतं का, एवढंच बघायचंय. तो म्हणतो, एक पैसाही त्यानं घेतला नाही. झडती घेतली, तेही खरं निघालं."

"मग वेडाच असेल," मालकीणबाई म्हणाल्या. पण आवाज नेहमीसारखा लागला नाही.

"त्यानं लिहून दिलंय की दुकानाची मालकीण त्याची कुणी लागत नाही, तिला यातलं काही ठाऊक नाही. तुम्ही तेवढं हो म्हणा, म्हणजे तुम्ही मोकळ्या. हा त्याचा फोटो."

मालकीणबाईंनी चष्मा चढवला. सून मागून वाकली आणि तिनं तोंडावर हात दाबला.

धाकट्याचे कानांजवळचे केस पांढरे झाले होते.