रक्ताचा माग

ओहायोहून वायोमिंगला शिकारीला आलेल्या वेंडेलनं आदल्या संध्याकाळी फार लांबून गोळी झाडली आणि एल्क सांबर जखमी होऊन रानात पळालं. सकाळपासून वाटाड्या ओरिनबरोबर तो रक्ताचा माग काढत होता. पण बर्फ पडू लागला, थेंब बुजले. तेवढ्यात समोर दुसरं एल्क येऊन उभं राहिलं. वेंडेलनं बंदूक उचलली. कित्येक सोडतींनंतर एका एल्कचा परवाना निघाला होता, आणि त्याचे गुडघे पुन्हा हे डोंगर चढणार नव्हते. "पाहुणे, एका जनावराचं रक्त सांडलं की परवाना वापरला गेला, शिकार संपली. आमच्या तळाची रीतच आहे," ओरिन म्हणाला. "अरे, पण मला मिळालं काय?" "ते त्या जखमी जनावराला विचारा." बंदुकीतल्या गोळ्या काढून वेंडेल ओणवा झाला आणि बोटांनी बर्फ सारू लागला. मेलेल्या जनावरावर जमतात तसे डोमकावळे दरीवर जमू लागले, तेव्हा ओरिननं त्याला हात देऊन उठवलं.