तंदुरुस्तीचा दाखला

"पुन्हा लाव," रंगारी म्हणाला.

"अरे, आत्ताच तर लावला!" वहिनी दंडावरचा पट्टा सोडवत होती. "एकशे अठरा, अठ्ठ्याहत्तर. एवढं चांगलं तर खेळाडूंचंही नसेल."

"यंत्राचा काय भरवसा? लाव पुन्हा."

वहिनीनं पुन्हा लावला. एकशे सोळा. तिनं वहीत तारीख टाकून आकडा लिहिला आणि वही छातीशी धरली. रंगाऱ्यानं बाही खाली ओढली. घाम पुसला.

तपासणीला चार दिवस उरले होते.

दादाच्या दोन्ही किडन्या जाऊन दीड वर्ष झालं होतं. आठवड्यातून तीनदा तो डायलिसिसला जायचा आणि घरी येऊन भिंतीकडे तोंड करून पडायचा. वहिनी स्वतःची किडनी द्यायला निघाली होती, पण तिला साखरेचा त्रास, डॉक्टरांनी तिला उभंच केलं नाही. दोघांना मूलबाळ नव्हतं. सगळ्या गोतावळ्यात जुळली ती एकट्या धाकट्या भावाची, या रंगाऱ्याची. आता एकच राहिलं होतं. तो ऑपरेशनला धडधाकट आहे की नाही, याची शेवटची मोठी तपासणी.

वहिनी हात धुऊन त्याच्या मागे लागली होती. तिनं त्याच्या घरातलं लोणचं उचलून नेलं, मिठाची बरणी नेली. पहाटे दाराशी येऊन उभी राहायची आणि त्याला तासभर चालवायची. तंबाखू त्यानं एका दिवसात सोडली. कामावरची माणसं हसली, "अरे, तुला झालंय तरी काय?" तो शिडीवर कोपऱ्यातला रंगाचा पट्टा ओढत राहिला.

"मी नापास झालो तर गं?" एकदा चालता चालता त्यानं विचारलं.

वहिनी थबकली. "तसलं तोंडातून काढू नकोस. दुसरं कोण आहे आम्हाला?"

"नाही, पण झालोच तर? ते काय बघून नापास करतात?"

"तुला कशाला त्या चौकशा? तू तुझा पाय उचल."

तरी त्यानं रक्त घेणाऱ्या बाईंना विचारलंच. बीपी कितीवर गेला तर चालत नाही? लघवीत काय सापडलं तर? बाई हसल्या. "एवढी काळजी करणारा भाऊ मी पहिल्यांदा बघितला," म्हणाल्या.

त्याला झोप लागत नव्हती. बायको कूस बदलून म्हणायची, "नका एवढा जीव जाळू. जे व्हायचं ते होईल." पलीकडे दोन्ही मुली एकमेकींच्या अंगावर पाय टाकून झोपलेल्या असायच्या.

तपासणीच्या दोन दिवस आधी तो दादाला भेटायला डायलिसिसच्या खोलीत गेला. दादाच्या हातातून रक्ताच्या नळ्या यंत्रात गेल्या होत्या. वडील गेले तेव्हा रंगारी नऊ वर्षांचा होता. दादानं शाळा सोडली, ब्रश हातात घेतला, आणि पुढे तोच धाकट्याच्या हातात दिला. पहिली दोन वर्षं शिडी धरायला खाली दादाच उभा राहायचा.

"एक विचारू?" दादा हळूच म्हणाला. "तुझ्या मनात नसेल तर सांग. मला राग यायचा नाही."

"काय बोलतोस दादा!"

"पोरी लहान आहेत तुझ्या."

"आहेत. म्हणून काय झालं? वेडा आहेस का तू? झोप गप."

दादानं त्याचा अंगठा मुठीत धरला. आजारी माणसाच्या मुठीत इतका जोर असेल असं रंगाऱ्याला वाटलं नव्हतं. वेळ संपेपर्यंत त्यानं तो सोडवून घेतला नाही.

आदल्या दिवशी चोवीस तासांची लघवी जमवायची होती. दवाखान्यानं दिलेला पाच लिटरचा कॅन न्हाणीघरात ठेवला. "रंग समजून भिंतीला लावू नका म्हणजे झालं," बायको म्हणाली. वहिनी इतकी हसली की तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि मग ते थांबेचना. रंगाऱ्याच्या बायकोनं तिला पोटाशी धरलं. रंगारी उठून बाहेर गेला.

तपासणी दिवसभर चालली. छातीचा फोटो, हृदयाचा आलेख, फिरत्या पट्ट्यावर चालणं, फुंकर मारायची नळी, बाटल्यांमागून बाटल्या रक्त. वहिनी प्रत्येक दारापर्यंत सोबत यायची आणि तिथल्या बाकावर बसून राहायची. "खोल श्वास घे. घाबरू नकोस," प्रत्येक दाराशी तेच. दुपारनंतर ती नुसता त्याचा दंड दाबायची.

चार दिवसांनी निकालाला बोलावलं. दादाला उभं राहवत नव्हतं, तरी तो आला. दोघं नवराबायको बाहेर बाकावर बसले. डॉक्टरांनी रंगाऱ्याला एकट्यालाच आत घेतलं.

त्यांनी कागद एकेक करून उलटले. रंगाऱ्याचे ओठ कोरडे पडले होते. गुडघ्यावर ठेवलेल्या हातांच्या नखांच्या कडेला पांढरा रंग तसाच होता.

"हृदय उत्तम," डॉक्टर म्हणाले. "फुप्फुसं स्वच्छ. किडन्या दोन्ही ठणठणीत. तुमच्या वयात इतके चांगले रिपोर्ट आम्हाला क्वचित दिसतात. तुम्ही पूर्ण तंदुरुस्त आहात."

रंगाऱ्यानं तोंड ओंजळीत लपवलं आणि तो हुंदके देऊन रडू लागला. डॉक्टरांनी पाण्याचा पेला पुढे सरकवला. असे आनंदाश्रू त्यांना नवीन नव्हते.

"होतं असं, इतके दिवस जीव टांगणीला लागलेला असतो. थांबा, त्या दोघांनाही आत बोलावतो. ही बातमी तुमच्याच तोंडून कळू दे त्यांना."

ते दाराकडे निघाले, तसा रंगारी धडपडत उठला आणि दाराला पाठ लावून उभा राहिला.

"डॉक्टर, तुमच्या पाया पडतो," तो कुजबुजला, "त्यांना सांगा, मी नापास झालो."