वरचे अडीच एमबी

"वीस एमबी म्हणजे एकशे साठ मेगाबिट. व्हिडिओ एकशे साठ सेकंदांचा. मग सेकंदाला एक मेगाबिट. बरोबर आहे की!" मी पुटपुटलो. तरी फाइल तिसऱ्यांदा साडेबावीसचीच निघाली. वरचे अडीच येतात कुठून?

ताईच्या नोकरीच्या अर्जासोबतचा व्हिडिओ वीसच्या वर चालत नव्हता, आणि अर्ज पाचला बंद होणार होता. बिटरेट, म्हणजे सेकंदाचे मेगाबिट, उतरवला तर तिची बोटं पुसट दिसणार. जन्मापासून ऐकू न येणारी ताई बोलते ती बोटांनीच.

तिनं स्क्रीनवरच्या एका ओळीवर बोट ठेवलं. 'हे काय?'

ऑडिओ! तो मी हिशेबात धरलाच नव्हता. पंख्याच्या घरघरीनं अडीच एमबी खाल्ले होते.

'आवाज आहे. काढू?' मी खुणेनं विचारलं.

ताईची बोटं हलली.

'माझ्या व्हिडिओत आवाज होता?'