डावा हात

कादंबरीने ठरवलं होतं, आजची ही शहरप्रदक्षिणा पायी पुरी करायचीच. तीन वर्षांच्या ओवीला सासूबाईंपाशी ठेवून ती पहिल्यांदाच दिवसभर बाहेर पडली होती. संध्याकाळपर्यंत घरी फोन करायचा नाही, हेही तिने ठरवलं होतं.

दर थांब्यावर प्रदक्षिणेचा आयोजक केदार सोबत चालणाऱ्या सगळ्यांचा फोटो काढून ग्रुपवर टाकत होता. मार्केट यार्डच्या फोटोत कादंबरीचा डावा हात किंचित बाजूला होता, बोटं मुडपलेली. विश्रांतवाडीतही तसाच. म्हणून खडकीला तिने तो मुद्दाम कमरेवर ठेवला. फोटोत मात्र हात पुन्हा बाजूलाच.

"मॅडम, हात अवघडलाय का?" केदारने विचारलं. "सकाळपासून कुणाला तरी धरून चालल्यासारख्या चालताय."

तेव्हा मात्र तिने फोन लावला.

"मजेत आहे गं तुझी लेक," सासूबाई म्हणाल्या. "पण सकाळपासून नुसती घरभर चालतेय, उजवा हात वर धरून. म्हटलं, दमलीस, बस जरा. तर म्हणते, आई हातच सोडत नाही."

समोर सिग्नल सुटायच्या बेतात होता. कादंबरीने डावी मूठ घट्ट आवळली. आता सोडायचं नाही, काही झालं तरी. मुठीत काहीतरी मऊ, घामट लागलं. ते वळवळलं आणि हिसका देऊन निसटलं.

"अगं ओवे, थांब!" फोनमध्ये सासूबाई ओरडल्या. "कुठे पळालीस?"

आणि कादंबरीच्या समोर, भर रस्त्यात, करकचून ब्रेक लागला.