पाचापर्यंत

मास्तरांनी सिग्नल सोडणाऱ्या जनरेटरची खुंटी उजवीकडे फिरवून जोर वाढवला, तशी टेबलावरच्या वायरलेस सेटमधून बारीक, चिरकी शिट्टी सुरू झाली.

"हीच," अग्निशमन दलाचा अधिकारी म्हणाला. "नऊ नंबरच्या चॅनलवर. मोठा वायरलेस बसवलेली आमची गाडी दाराशी उभी असली की वाजते. माझा माणूस आत अडकला होता, आणि या शिट्टीखाली हाका मारत होता. आम्हाला वाटलं, सेट कुरकुरतोय."

"आता कसा आहे तो?" मास्तरांनी विचारलं.

"दवाखान्यात. अजून डोळे उघडले नाहीत."

प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडम पुढे झाल्या. "टेबलावर एवढा जोर दिला तर कुठलाही सेट शिट्टी मारेल, साहेब. कॉम्प्युटरच्या प्रोग्रामवर तपासल्याशिवाय आम्ही सेट बाहेर पाठवत नाही. सर, यांना तक्ता दाखवा."

"मी कानानं ऐकतोय, आणि तुम्ही मला चित्र दाखवणार?" अधिकारी खुर्चीत टेकला. "दाखवा. पण मला कळेल असं सांगा. उद्या पोरं हेच सेट घेऊन परत आत जाणार आहेत."

समजावून सांगणं हा मास्तरांचा जीव की प्राण. त्या प्रयोगशाळेतलं प्रत्येक माणूस, मॅडमसुद्धा, त्यांच्याच हाताखाली शिकलेलं.

"सेटच्या पोटात मिक्सर असतो," ते म्हणाले. "त्यात आपण दोन पाहुणे बोलावतो. एक बाहेरून आलेला सिग्नल, एक सेटचा घरचा. आपल्याला त्यांची नुसती बेरीज नाहीतर वजाबाकी हवी असते. पण हे काही एकटे येत नाहीत. एकाची दुप्पट, दुसऱ्याची तिप्पट, मग त्यांच्या बेरजा, त्यांच्या वजाबाक्या, सगळा गोतावळा सोबत. यातला कोणता आगंतुक कुठल्या चॅनलवर जाऊन बसेल, ते हा प्रोग्राम आधीच सांगतो."

पडद्यावर तक्ता उमटला. नऊ नंबरचं चॅनल अंगणासारखं मोकळं होतं.

तेवढ्यात अधिकाऱ्याचा फोन वाजला. "दवाखान्यातून आहे," म्हणत तो बाहेर व्हरांड्यात गेला.

मास्तरांची नजर पडद्याच्या कोपऱ्यातल्या चौकटीवर गेली. नात्यातलं माणूस किती लांबचं मोजायचं, म्हणजे दुप्पट-तिप्पट मिळून किती पटींपर्यंत पाहायचं, ते त्या चौकटीत सांगायचं असतं. तिथे पाच होते. त्यांनी पाच खोडून सात केले आणि दाराशी उभ्या गाडीचा खरा जोर भरला. एक लाल रेघ उगवली. नेमकी नऊ नंबरवर.

"पाच करा, सर," मॅडम म्हणाल्या.

मास्तरांनी मान वळवली. "अगं, तुला माहीत होतं?"

"कालच पाहिलं. जोर कमी असतो तोवर लांबची नाती मेल्यासारखी पडून असतात. गाडी दाराशी आली की सगळ्यात झपाट्यानं तीच माजतात. एवढं मला कळतं, सर." त्यांनी आवाज खाली आणला. "पण पाच कुणाचे? 'पाचाच्या पुढचे दुबळे, त्यांना सोडा.' हे आम्हाला कुणी शिकवलं?"

मास्तरांना वर्ग आठवला. गच्च भरलेला तक्ता पाहून नव्या मुलांचे चेहरे उतरायचे. मग ते म्हणायचे, बाळांनो, घाबरू नका, आधी पाचापर्यंत पाहा, बाकीचे दुबळे, ते मागाहून पाहू. चेहरे खुलायचे. पुढे तीच मुलं मोठी झाली, आणि त्यांनी पाचाचा आकडा प्रोग्रामात कायमचा ठोकून बसवला.

"मी 'आधी' म्हणायचो," ते म्हणाले.

"उद्या चौकशी बसली की तिथे सांगा, मी 'आधी' म्हणायचो. या सेटांच्या कागदांवर तपासणारा म्हणून नाव तुमचंच आहे. मी तुम्हाला वाचवतेय, सर. स्वतःलाही वाचवतेय, खोटं कशाला बोलू."

"सेट परत मागवू या."

"मागवू ना. गाजावाजा न करता. दुरुस्तीला येतील तसे."

"आणि तोवर?"

मॅडमनी मास्तरांच्या खांद्यावरून हात घालून चौकटीत परत पाच टाकले. रेघ गेली. वर्गातही त्यांचं गणित सगळ्यांच्या आधी सुटायचं.

अधिकारी आत आला. त्याने फोन खिशात ठेवला. पलीकडून काय कळलं ते कुणी विचारलं नाही. सेट अजून शिट्टी मारत होता.

"बोला मास्तर," तो म्हणाला. "या बाईंचं राहू द्या. तुम्ही सांगाल ते मी मानतो. सेट पोरांच्या हातात देऊ की नको?"

मास्तरांनी खुर्ची त्याच्याजवळ ओढली. बोलायच्या आधी त्यांचा हात जनरेटरकडे गेला आणि खुंटी डावीकडे फिरली. शिट्टी बारीक होत होत थांबली.

"हे बघा," ते म्हणाले, "काही पाहुणे इतके दुबळे असतात, की ते आले काय नि गेले काय."

मग त्यांनी कोरा कागद घेतला. दोन गोल काढले, गोलांतून रेघा काढल्या, आणि पाचव्या रेघेपाशी पेन्सिल टेकवून ठेवली. आवाज तोच, वर्गातला. दर दोन वाक्यांनी थांबून "इथपर्यंत कळलं?" विचारणंही तेच. अधिकारी मान डोलवत होता. हळूहळू त्याच्या कपाळावरची आठी सैल झाली.

त्याने सेट उचलला आणि उठताना मास्तरांचा हात दोन्ही हातांत धरला.

"इतकं सोपं करून मला कुणी सांगितलंच नव्हतं," तो म्हणाला. "पोरांनाही असंच सांगतो."