डोक्यावरची फुली

"पडला तुझा भाऊ," व्हर्नन स्टोक्स म्हणाला आणि त्याने मिठाच्या पाण्यात उकडलेली शेंग दातांनी फोडली. "म्हशीसारखा पडला."

ग्लेंडाने मान वर केली. मेकन शहराच्या क्रीडागृहामागे उभ्या असलेल्या, थेट प्रक्षेपणाच्या ओबी व्हॅनमध्ये तिच्यासमोर दोन पडदे होते. डावीकडे त्यांच्या क्राउन कंपनीच्या कुस्त्या. उजवीकडे क्लीव्हलंडहून दाखवल्या जाणाऱ्या, कोलोसस कंपनीच्या. दोन्ही कार्यक्रम सोमवारी संध्याकाळी, एकाच वेळी, थेट. जो जाहिरात लावेल त्याचे प्रेक्षक रिमोट उचलून दुसऱ्याकडे पळत. जाहिरातीचं बटण ग्लेंडाच्या हाताखाली होतं, आणि मालक व्हर्ननचा डोळा त्या हातावर. वर्षभर रेटिंग त्याचंच वर होतं.

उजव्या पडद्यावर तिचा धाकटा भाऊ रॉइस उताणा पडला होता. रिंगच्या वरच्या दोरावरून खाली येताना त्याने दोन्ही तळवे सपाट आपटले होते. फाट्! डॅडींनी दोघांना लहानपणी हेच शिकवलं होतं. धक्का हातांवर वाटून घ्यायचा, म्हणजे मान वाचते. तरी तो उठत नव्हता. पंचाने वाकून पाहिलं, ताठ उभं राहून दोन्ही हात वर केले आणि डोक्यावर मनगटांची फुली केली.

व्हॅनमधली बडबड थांबली.

या धंद्यात सगळं आधी ठरलेलं असतं. कोण जिंकणार, कोण रडणार, कोण कुणाच्या आईचा उद्धार करणार. फुली तेवढी खरी. फुली म्हणजे माणसाला खरंच लागलंय. मग समोरची कंपनी कितीही वैरी असो, तिने जाहिरात लावायची. मग जखमीच्या कंपनीलाही, प्रेक्षक पळण्याची भीती न ठेवता, ती लावता येते, आणि कॅमेऱ्याआड माणूस उचलता येतो. हे कुठे लिहिलेलं नव्हतं. डॅडी जन्मभर जत्रांमधल्या कुस्त्यांचे पंच होते. ते म्हणायचे, "बाकी हवं तेवढं खोटं बोला. ही एक खूण सोडून."

"बटणाला हात लावू नकोस," व्हर्नन म्हणाला.

"फुली आहे."

"भाऊ आहे म्हणून पुळका आलाय तुला."

"फुली आहे, व्हर्नन." तिने बटण दाबलं.

डाव्या पडद्यावर कपड्यांचा साबण आला. उजवीकडे काहीच बदललं नाही. पंचाने सावकाश हात खाली घेतले. रॉइस टुणकन उठला, कॅमेऱ्याजवळ आला आणि त्याने डोळा मारला.

दुसऱ्या दिवशी आकडे आले. कोलोसस जिंकली होती. व्हर्ननने ग्लेंडाला सगळ्यांसमोर उभं केलं. "पुन्हा फुलीसाठी बटण दाबलंस, तर व्हॅनमधून उतरायचं. परत चढायचं नाही."

रॉइसचा फोन आला. "रागावलीस, ताई? कल्पना माझीच. मी त्यांना म्हटलं, त्या खुर्चीत आमची ताई बसते. ती दाबणारच."

"डॅडींनी तुझं थोबाड फोडलं असतं."

"डॅडी जन्मभर जत्रेतच राहिले, ताई. मला नाही राहायचं."

"माझ्यासमोर मेलास तरी वळून बघणार नाही," ती म्हणाली आणि तिने फोन आपटला.

कोलोससला नवं खेळणं सापडलं. दर सोमवारी रॉइस पडायचा, पंच फुली करायचा, रॉइस उठायचा. फुली छापलेले टी-शर्ट विकायला आले. प्रेक्षक फुली करून ओरडू लागले. त्यांचा डॉक्टरही खेळात सामील झाला. पेटी घेऊन धावायचा, मुद्दाम अडखळून पडायचा, लोक पोट धरून हसायचे. क्राउनचे आकडे आठवड्यागणिक घसरत होते आणि व्हर्नन आता शेंगाही खात नव्हता.

महिनाअखेरच्या सोमवारी रॉइस पुन्हा वरच्या दोरावर चढला. या वेळी पाय निसटला.

"पडले बघा महाराज," व्हर्नन म्हणाला. "काय ग्लेंडाबाई, लावायची जाहिरात?"

व्हॅन हसली. ग्लेंडाही हसली. उजव्या पडद्यावर पंचाने फुली केली. तिने क्राउनच्या मुख्य कुस्तीचा इशारा द्यायला तोंड उघडलं, आणि ते तसंच राहिलं.

फाट् झालं नव्हतं.

आवाज आला होता तो एकच, बोजड, जमिनीवर पोतं टाकल्यासारखा. रॉइसचे तळवे आपटलेच नव्हते. एक हात त्याच्याच पाठीखाली होता.

"तो खरंच पडलाय," ती म्हणाली.

"खबरदार!"

तिने बटण दाबलं. डावा पडदा साबणाने भरला.

"उतर," व्हर्नन ओरडला. "आत्ताच्या आत्ता उतर!"

ती उठली नाही. उजव्या पडद्याकडे झुकून हळू आवाजात म्हणत राहिली, "लावा रे. मी लावली, आता तुम्हीही लावा. उचला त्याला."

कोलोससने जाहिरात लावली नाही. क्राउनचे सगळे प्रेक्षक त्यांच्याकडे येत होते, मग लावणार कोण? पंच आता गुडघ्यांवर आला होता. डोक्यावरची फुली तशीच ठेवून तो काहीतरी किंचाळत होता. ते कुणाला ऐकू जात नव्हतं, कारण सगळं क्रीडागृह उभं राहून हात वर करून आनंदाने ओरडत होतं. कॅमेरा त्या हजारो फुल्यांवरून सरकत खाली आला. रिंगला टेकून कोलोससचा डॉक्टर उभा होता. पेटी पायाशी होती. त्यानेही डोक्यावर फुली केली होती, आणि तो हसत होता.