आरसेबुवांचा किनारा

सुनेने छापयंत्रातून कागद उचलला आणि उजेडाकडे धरला. जिथे समुद्र हवा तिथे जमीन होती आणि जिथे जमीन हवी तिथे समुद्र. दिशाचक्रावरची उगवतीची खूण मावळतीला जाऊन बसली होती.

"मामंजी," ती म्हणाली, "हे सरळ कोरलंत तुम्ही."

सासरे खिडकीपाशी कोरण्या पुसत होते. ते उठून आले. त्यांनी कागदाकडे पाहिलं, मग तांब्याच्या पत्र्याकडे पाहिलं आणि मटकन स्टुलावर बसले.

तांब्यावर नकाशा कोरायचा तो उलटा. डावं उजवीकडे, उजवं डावीकडे, तेव्हा कुठे कागदावर जग सरळ उमटतं. या विद्येत सासऱ्यांचा हात धरणारा सगळ्या बंदरात कुणी नव्हता. गल्लीत त्यांना आरसेबुवाच म्हणत. दुकानाची पाटी सरळ असली की बुवांना वाचायला वेळ लागतो, अशी थट्टा चाले. जुन्या नकाशांत 'पुढे पृथ्वी संपते' म्हणून एक अक्राळविक्राळ मासा काढून वेळ मारून नेलेली असायची. तिथे आता एकेक बेट, एकेक नदीचं मुख आलं होतं, ते याच हातांनी. खलाशी परत येत, फुशारक्या मारत. बुवा त्यातलं खरं तेवढं निवडून तांब्यावर उतरवत. स्वतः मात्र त्यांनी कधी नावेत पाऊल टाकलं नव्हतं. धक्क्यावर नुसतं उभं राहिलं तरी त्यांना मळमळायचं.

आजचं काम घरचंच होतं. त्या नव्या किनाऱ्याला आजवर एकच जहाज जाऊन आलं होतं. तिथल्या कशालाच अजून नाव पडलं नव्हतं, म्हणून पत्र्यावर एकही अक्षर नव्हतं, नाहीतर चूक पहिल्या अक्षरालाच ध्यानात आली असती. आता दुसरं जहाज निघालं होतं आणि त्यावर वाटाड्या म्हणून बुवांचा एकुलता एक मुलगा, म्हणजे सुनेचा नवरा, चालला होता. कप्तानाने साफ सांगितलं होतं, नकाशा हातात पडला तर संध्याकाळच्या ओहोटीला निघू, नाहीतर वारे फिरतील आणि सगळा बेत बारगळेल.

मुलाने जायचं ठरवलं त्या दिवसापासून बापाने मिठाची गुळणी धरली होती. जेवायला दोघं समोरासमोर बसत, पण पाणी हवं असलं तरी सुनेमार्फत मागत.

म्हणून सुनेच्या मनात नको तो विचार आलाच. ज्याचा हात उभ्या जन्मात चुकला नाही, त्याचा नेमका आजच कसा चुकला? जहाज अडवायचा याहून सोपा उपाय कोणता? आणि खरं सांगायचं तर गप्प बसणं तिच्याही सोयीचं होतं. नवरा घरी राहिला असता. पण बापाच्या नकाशांवर बोटं फिरवत लहानाचा मोठा झालेला तो माणूस तिच्या डोळ्यांसमोर आला. त्याला घरात कोंडून तिला कसलं सुख मिळणार होतं?

तिची नजर कोपऱ्यातल्या वाया गेलेल्या कागदांवर गेली. ओले कागद एकावर एक ठेवू नकोस, म्हणून तिने रोज सासऱ्यांची बोलणी खाल्ली होती. ओल्या शाईचा ठसा वरच्या कागदाला लागतो, आणि लागतो तो उलटा.

"मामंजी, उठा! पत्र्याला दाट शाई लावू. छापला की ओला आहे तोवर त्यावर कोरा कागद ठेवून पुन्हा दाबू. उलट्याचं सरळ होईल!"

बुवा असे उठले की स्टूल कलंडलं. एरवी छापयंत्राचं चाक ओढायला दोन गडी लागत. आज म्हाताऱ्याने एकट्याने, छातीचा जोर लावून ते फिरवलं. कोरा कागद वर आला. फिकट होता, पण जमीन जमिनीच्या जागी होती आणि समुद्र समुद्राच्या. मग बुवा टाक घेऊन बसले आणि फिकट झालेला एकेक खडक, एकेक उथळ जागा त्यांनी गडद केली. हात जराही हलला नाही. सून बघत राहिली. अडवणारा माणूस असं काम करत नाही, हे तिला कळलं आणि मघाच्या विचाराची तिला लाज वाटली.

मुलगा धापा टाकत आला. त्याने नकाशा गुंडाळला, बायकोचा हात घट्ट दाबला आणि दारात घुटमळला.

"येतो, बाबा."

"तिसऱ्या नदीच्या मुखाशी गाळ आहे," बाप म्हणाला. "जपून."

इतक्या दिवसांनी तेवढंच बोलणं झालं. मुलाला तेही पुष्कळ झालं. तो डोळे पुसत धक्क्याकडे पळाला.

शिडं दिसेनाशी झाली तेव्हा सून पत्रा पुसत होती. शेवटी तिला राहवेना.

"मामंजी, रागावू नका, पण तुमचा हात कधी चुकत नाही. मग हे सरळ कसं कोरलं गेलं?"

बुवांनी पत्रा तिच्याकडून मांडीवर घेतला आणि त्या बिननावाच्या किनाऱ्यावरून सावकाश बोट फिरवलं.

"किनारा उजव्या हाताला दिसत होता, म्हणून उजवीकडे कोरला," ते म्हणाले. "मी इथे टेबलापाशी नव्हतोच, सूनबाई. जहाजावर होतो, त्याच्या शेजारी."